फाइव्ह गार्डन्स आणि दादर पारशी कॉलनी पायी कशी पाहावी

मुंबईच्या फाइव्ह गार्डन्समध्ये घटकाभर बाकावर बसून परतणारे पुष्कळ असतात. परंतु ही बाग आणि तिच्याभोवतीची पारशी कॉलनी एकाच आखणीचे भाग असल्यामुळे बागेत थेट न शिरता घरांच्या रांगांमधून तिच्यापर्यंत जावे. त्यासाठी सकाळची वेळ, शक्यतो रविवारची, निवडावी.

दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरून खोदादाद सर्कल, म्हणजे सर्वांच्या तोंडचे दादर टीटी, गाठावे आणि डॉ. आंबेडकर मार्ग ओलांडावा. पलीकडे कॉलनी कधी सुरू झाली हे चटकन कळत नाही, कारण शहरातील इतर पारशी वसाहतींना (त्यांनाही ‘बाग’च म्हणतात) असते तशी भोवतालची भिंत तिला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीवाटीच्या जुन्या शहरातील लोकांसाठी दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली, तेव्हा मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याने मध्यमवर्गीय पारशांसाठी त्यातील १०३ भूखंड राखून घेतले. (आडनावावरून घोटाळा होऊ नये, हे जोशी पारशीच.) रस्त्यांवर कोणती झाडे लावायची इथपर्यंत त्यांनी विचार केला होता.

म्हणून फिरदौसी रोडवर घाई करू नये. दुतर्फा महोगनीची झाडे आहेत. त्यांची लाकडासारखी कठीण फळे आणि त्यांतून सुटलेल्या पंखवाल्या बिया पायाखाली सापडल्या तर उचलून पाहाव्यात. झाडांच्या उंचीशी इमारतींची उंची ताडून पाहिली, की जुन्या, कमी उंचीच्या, दोन-तीन मजली घरांवर सावली का टिकते हे उमगते आणि नव्या टॉवरांनी नेमके काय बिघडते तेही. सज्जे, जिन्यांच्या खिडक्या, उंबऱ्यावरची चुन्याची रांगोळी रस्त्यावरूनच न्याहाळावी. घरांचे किंवा माणसांचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. रुस्तम फरामना अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशेतरांना प्रवेश नसतो, तेव्हा तिच्या दारात रेंगाळू नये.

बागेपाशी पोहोचल्यावर नावाचा उलगडा होतो: मधून जाणाऱ्या रस्त्यांमुळे हिरवळीचे पाच तुकडे झाले आहेत. एकाच तुकड्यात बसून न राहता पाचही तुकड्यांना बाहेरून वळसा घालावा, कारण समोरच्या इमारतींचे दर्शनी भाग तिथूनच नीट दिसतात. संध्याकाळी मात्र इथे फिरणाऱ्यांची आणि जवळच्या महाविद्यालयांतील मुलामुलींची इतकी वर्दळ असते, की इमारती पाहणे बाजूलाच राहते.

परतताना माटुंग्याच्या बाजूने निघावे. किंग्ज सर्कलच्या परिसरात इडली आणि फिल्टर कॉफी मिळते, आणि माटुंगा स्थानकही चालत जाण्याजोगे आहे.