बॅच फाइल लिहिताना या चुका टाळा, नाहीतर एखाद्या रात्री डी ड्राइव्ह रिकामा होईल

जळगावच्या डाळ मिलपासून सावद्याच्या केळीच्या पेढीपर्यंत जिथे हिशेबाचा कॉम्प्युटर आहे, तिथे डेस्कटॉपवर एक बॅच फाइल असतेच, म्हणजे विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली, डबल क्लिकवर चालणारी फाइल. 'बॅकअप नवीन फायनल २' असलं काहीतरी नाव, लिहिणारा पोरगा कधीच पुण्याला निघून गेलेला, आणि फाइल उघडून बघायची कुणाची हिंमत नाही. ती बिघडली की निरोप ठरलेला: "भाऊ, कालपर्यंत चालत होती." बहुतेक वेळा ती कालही चुकतच असते, फक्त कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

खालच्या आज्ञा वाचण्यापुरत्या देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा, चिन्हं आहेत तशीच ठेवा.

बरोबरच्या चिन्हाआधीची मोकळी जागा

एका जिनिंगमध्ये कापसाची आवक जोरात असताना घडलेला प्रकार. जुने बॅकअप साफ करायला दिवाणजींच्या पुतण्याने या दोन ओळी लिहिल्या:

सेट टार्गेट = डी:\जुना बॅकअप
डेल /एस /क्यू "%टार्गेट%\*.*"

वाचताना काहीच वावगं दिसत नाही. पण सेट आज्ञेत बरोबरच्या चिन्हाआधी सोडलेली जागा नावाचाच भाग होते. म्हणजे जे तयार झालं ते 'टार्गेट' नव्हे, 'टार्गेट' आणि पुढे एक स्पेस. नुसतं 'टार्गेट' कुठे अस्तित्वातच नाही, आणि बॅच फाइलमध्ये अस्तित्वात नसलेल्या व्हेरिएबलच्या (म्हणजे मजकूर साठवायच्या नावाच्या) जागी काहीच येत नाही. एरर नाही, इशारा नाही. उरली ती ओळ अशी:

डेल /एस /क्यू "\*.*"

नुसता बॅकस्लॅश म्हणजे चालू ड्राइव्हचं मूळ. /एस म्हणजे आतली सगळी फोल्डरं, /क्यू म्हणजे विचारू नकोस. फाइल डी ड्राइव्हवर होती, डबल क्लिक केली, म्हणून चालू ड्राइव्हही डी. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांची खाती, सगळं गेलं. डेलने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ज्या थोड्या फाइली त्या क्षणी हिशेबाच्या सॉफ्टवेअरने उघडून धरल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. बाकीचं कच्च्या वहीवरून पुन्हा भरावं लागलं.

असं कधी झालंच, तर कंट्रोल-सी दाबा आणि त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर टाकू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. हार्डडिस्क असेल तर बरंच परत मिळू शकतं. एसएसडी असेल तर आशा कमी, कारण खोडलेल्या जागा ती स्वतःच लवकर साफ करते.

मी खोडायची आज्ञा अशी लिहितो:

सेट "टार्गेट=डी:\जुना बॅकअप"
इफ नॉट डिफाइन्ड टार्गेट एक्झिट /बी १
इफ नॉट एक्झिस्ट "%टार्गेट%\निशाणी.टीएक्सटी" एक्झिट /बी १
डेल /क्यू "%टार्गेट%\*.*"

अवतरणचिन्ह नावाच्या आधी सुरू होतं, साठवायच्या मजकुरानंतर संपतं. त्यामुळे ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली स्पेसही बाहेर राहते. निशाणी.टीएक्सटी ही रिकामी फाइल त्या फोल्डरमध्ये आधी हाताने बनवायची आणि 'ॲट्रिब +आर' देऊन रीड-ओन्ली करायची. /एफ दिला नाही तर डेल रीड-ओन्ली फाइलला हात लावत नाही, म्हणून निशाणी पुढच्या वेळेसाठी शिल्लक राहते. /एस गरज असल्याशिवाय लावायचाच नाही. आणि पहिल्यांदा चालवताना डेलच्या आधी 'एको' लिहा, म्हणजे खरी आज्ञा काय बनते ते नुसतं पडद्यावर दिसतं. "एवढं कोण करत बसणार" म्हणणाऱ्यांनी बॅच फाइलमधून खोडाखोडी करूच नये. माउसने करावी.

फाइल कोणत्या फोल्डरमध्ये उभी आहे

'सीडी डी:\बॅकअप' लिहिलं की डी वर गेलो, असं सगळ्यांना वाटतं. सी वर उभे असाल तर ड्राइव्ह बदलत नाही, आणि एररही येत नाही. 'सीडी /डी' लागतं. शिवाय फाइल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवली की सुरुवात होते सिस्टिम३२ फोल्डरमधून. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी फाइल चालवणारं विंडोजचं साधन) 'स्टार्ट इन' रिकामं ठेवलं तरी तेच. माझ्या प्रत्येक फाइलची दुसरी ओळ ठरलेली आहे:

सीडी /डी "%~डीपी०" || एक्झिट /बी १

म्हणजे जिथे बॅच फाइल आहे तिथेच जा, आणि जाता आलं नाही तर थांब. फाइल नेटवर्कवरच्या शेअरमध्ये असेल तर सीडीऐवजी पुशडी वापरा, कारण दोन बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या पाथवर सीएमडी (आज्ञा चालवणारी काळी खिडकी) उभं राहत नाही. एक खोच आहे: %~डीपी० च्या शेवटी बॅकस्लॅश असतो. तो अवतरणचिन्हाला लागून आला की रोबोकॉपी (विंडोजची फोल्डरं कॉपी करायची आज्ञा) गोंधळतं आणि पुढचा सगळा मजकूर पाथमध्ये ओढून घेतं. तिथे "%~डीपी०." असा शेवटी टिंब द्या.

तारीख आणि वेळ

"सकाळी चालत नाही, दुपारी चालते" ही तक्रार केळीवाल्यांकडून फार येते, कारण त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. कारण साधं आहे. सकाळी दहाच्या आत %टाइम% मध्ये तासाच्या आधी शून्य नसतं, स्पेस असते. तीच स्पेस फाइलच्या नावात घुसते आणि अवतरणचिन्हं नसली की आज्ञा तिथे तुटते. '%टाइम: =०%' लिहिलं की स्पेसच्या जागी शून्य येतं. वेळेतली कोलनंही फाइलच्या नावात चालत नाहीत, तीही काढा.

%डेट% तर विंडोजच्या रीजन सेटिंगवर नाचतं. भारतीय सेटिंगवर दिवस-महिना-वर्ष येतं, म्हणून लोक सहाव्या जागेपासून (मोजणी शून्यापासून) चार अक्षरं उचलून वर्ष काढतात. तीच फाइल अमेरिकन सेटिंगच्या नव्या मशीनवर नेली की आधी वाराची तीन अक्षरं आणि एक स्पेस, मग महिना/दिवस/वर्ष. १४ ऑगस्ट २०२५ ला त्याच चार अक्षरांत वर्षाऐवजी '/१४/' आलं असतं. इंटरनेटवर यावर डब्ल्यूएमआयसी या विंडोजच्या आज्ञेचा उतारा सापडतो. तो जुना झाला, नव्या विंडोज ११ मध्ये ही आज्ञा आपोआप मिळत नाही. फॉर /एफ मधून पॉवरशेलचं (विंडोजमधलंच आज्ञांचं नवं साधन) गेट-डेट बोलवा. फॉरमॅटमध्ये वर्षाचे वाय आणि दिवसाचे डी छोट्या लिपीत, महिन्याचे एम मोठ्या लिपीत. एम छोटे पडले तर महिन्याच्या जागी मिनिटं येतात, आणि ४७ व्या महिन्याचे बॅकअप तयार होतात.

यातलं सगळ्यात छळणारं म्हणजे ८ आणि ९. सेट /ए ला (आकडेमोडीची आज्ञा) शून्याने सुरू होणारा आकडा दिसला की तो त्याला अष्टमान पद्धतीतला समजतो, आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०७ पर्यंत सुरळीत, ०८ ला 'इनव्हॅलिड नंबर', १० पासून पुन्हा सुरळीत. दिवसावर हिशेब करणारी फाइल दर महिन्याला नेमके दोन दिवस बंद पडते, तेही जीएसटीआर-१ ची ११ तारीख तोंडावर असताना. १० तारखेला आपोआप दुरुस्त होते, म्हणून कुणी मुळाशी जात नाही. उपाय: सेट /ए दिवस=१%डीडी%-१०० . म्हणजे १०८ वजा १००, आठ.

रोबोकॉपी

/एमआयआर म्हणजे आरसा, मूळ जसं तसाच बॅकअप. मूळ फोल्डर नसेलच तर रोबोकॉपी एरर देऊन थांबतं, पण फोल्डर आहे आणि आत काही नाही, असं असेल तर बॅकअपही निमूटपणे रिकामा करतं. डेटा दुसरीकडे हलवला, जुनं फोल्डर तसंच राहिलं, की रात्रीत काम फत्ते. मी /ई लावतो, त्यात बॅकअपमधलं काही खोडलं जात नाही, आणि वारानुसार सात फोल्डरं ठेवतो. जागा जास्त जाते, जाऊ दे.

/आर (किती वेळा) आणि /डब्ल्यू (किती सेकंद थांबून) दिले नाहीत तर उघड्या फाइलसाठी ते दर ३० सेकंदांनी १० लाख वेळा प्रयत्न करतं. एका फाइलपायी सुमारे ३४७ दिवस. /आर:२ /डब्ल्यू:५ पुरे. आणि कॉपी झाल्यावर निकालाचा आकडा म्हणून ते १ परत देतं, ० नाही. ७ पर्यंत कॉपी फसलेली नसते, ८ पासून खरी अडचण. 'इफ एररलेव्हल १' चा अर्थ 'एक किंवा जास्त', म्हणून तिथे ८ लिहा. नाहीतर बॅकअप नीट झाला त्याच दिवशी 'फेल' दिसेल.

बाकीच्या, थोडक्यात

फॉर लूपच्या कंसातलं %काउंट% शून्यच राहतं, कारण अख्खा कंस एकदाच वाचून आकडे आधीच भरले जातात. सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन आणि !काउंट! वापरा. फाइलींच्या नावात उद्गारचिन्हं असतील तर ती गिळली जातात, म्हणून मी तिथे कॉल करून लेबलवर जातो.

दुसरी बॅच फाइल 'कॉल' न लावता बोलावली तर परत येणं नाही.

फाइलचं नाव पिंग.बॅट ठेवून आत पिंग लिहू नका. ती स्वतःलाच बोलावत बसते.

'एको %काउंट%>यादी.टीएक्सटी' मध्ये काउंट १ असला की १> हा आउटपुटचा क्रमांक धरला जातो आणि फाइलमध्ये भलतंच येतं. > आधी लिहा, एको नंतर.

वर्डमधून किंवा मोबाइलवरून उचललेली वळणदार अवतरणचिन्हं सीएमडीला कळत नाहीत. नोटपॅडमध्ये हाताने बदला.

शेड्युलरने चालणाऱ्या फाइलीत 'पॉज' ठेवलं तर ती रात्रभर कुणाच्या तरी बोटाची वाट बघते. लॅपटॉपवर भारनियमनात टास्क सुरूच झाला नाही, तर 'कंडिशन्स'मधली एसी पॉवरची खूण काढा आणि 'सेटिंग्ज'मध्ये चुकलेला टास्क लवकरात लवकर चालवायची खूण लावा. मॅप केलेली झेड ड्राइव्ह टास्कला दिसेलच असं नाही, पूर्ण नेटवर्क पाथ द्या.

आणि मदत मागण्याआधी डबल क्लिक बंद करा. आधी सीएमडी उघडा, 'एको ऑफ'ची ओळ काढा आणि फाइलच्या नावापुढे '>> लॉग.टीएक्सटी २>&१' जोडून चालवा. क्रम हाच ठेवा. उलटा केला तर एरर पडद्यावरच राहतात, लॉगमध्ये जात नाहीत. मग ती लॉगची फाइल पाठवा. मोबाइलने तिरका काढलेला काळ्या खिडकीचा फोटो नको, त्यात हवी ती ओळ नेमकी वर सरकून गेलेली असते.