स्वयंसेवी मुक्तस्रोत प्रकल्पाची बातमी ठाणे-नवी मुंबईच्या वृत्तपत्रांपर्यंत कशी पोहोचवावी

लिब्रेऑफिस या मोफत, मुक्तस्रोत (म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) कार्यालयीन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, ही बातमी ठाण्याच्या दैनिकात छापून येण्याची शक्यता फार थोडी आहे. मात्र कळव्यातील एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात आता मराठी लिब्रेऑफिस वापरले जाते आणि विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांसाठी ठेवलेले पैसे ग्रंथालयाकडे वळले, असे खरोखर घडले असेल, तर ते छापायला तेच दैनिक तयार होईल. म्हणून प्रसिद्धीच्या मागे लागण्यापूर्वी आपले काम शहरात नेमके कोण वापरते, याचा शोध घ्यावा. असा एकही वापरकर्ता सापडत नसेल, तर आधी एखाद्या शाळेत, गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात किंवा वाचनालयात ते बसवून द्यावे आणि तेथील लोक रुळल्यावरच बातमीचा विचार करावा.

त्यानंतर बातमीदार गाठावा. मुंबईच्या मोठ्या दैनिकांच्या ठाणे-नवी मुंबईसाठी स्वतंत्र पुरवण्या किंवा पाने असतात, शिवाय ‘ठाणेवैभव’सारखे येथलेच दैनिक आहे. संपादकांच्या नावे सर्वांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा महिनाभर ही पाने वाचून शिक्षण, ग्रंथालये आणि नागरी उपक्रम यांवर कोण लिहिते ते पाहावे आणि त्याच व्यक्तीशी बोलावे. पत्रकार परिषद घेण्याच्या फंदात पडू नये. सभागृहाचे भाडे जाते आणि महापालिकेची सभा किंवा एखादी दुर्घटना त्याच दिवशी आली, तर खुर्च्या रिकाम्या राहतात.

प्रसिद्धिपत्रक दोनशे शब्दांच्या आत असावे. काय झाले, कुठे झाले आणि त्याचा कोणाला उपयोग आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यावे, कारण जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर शेवटाकडून कापतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा मराठी अक्षरांत, टंकून थेट ईमेलमध्ये द्यावा. पत्रकाचे छायाचित्र किंवा स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली, तर कोणाला तरी ते पुन्हा टंकावे लागते आणि घाईच्या वेळी तसे पत्रक बाजूला पडते. सोबतचे छायाचित्र संगणकाच्या पडद्याचे नव्हे, तर तो वापरणाऱ्या माणसांचे असावे, आडवे असावे आणि मूळ आकारातच पाठवावे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकाराने लहान होते व छपाईत पुसट दिसते. त्याखाली डावीकडून नावे लिहावीत. मुले असतील, तर शाळेची आणि पालकांची संमती आधी घ्यावी.

सर्वाधिक काळजी श्रेयाबाबत घ्यावी लागते. ‘कंपनी कोणती?’, ‘मालक कोण?’ आणि ‘फुकट देता, तर पैसे कुठून येतात?’ हे प्रश्न बातमीदार विचारणारच, आणि ते रास्त आहेत. लिब्रेऑफिस ज्यातून निघाले त्या ओपनऑफिसच्या समुदायातील मंडळींनी 2010 मध्ये वेगळी वाट धरून द डॉक्युमेंट फाउंडेशन उभे केले. लिब्रेऑफिस त्या संस्थेच्या छत्राखाली चालते, जगभरचे स्वयंसेवक आणि काही कंपन्यांचे पगारी अभियंते त्यावर काम करतात आणि संस्थेचा खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो, एवढे चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. हे नीट सांगितले नाही, तर ‘ठाणेकर तरुणांनी बनवले सॉफ्टवेअर’ असा मथळा येतो. आपल्या गटाने मराठी भाषांतर केले असेल, चुका शोधल्या असतील किंवा प्रशिक्षण दिले असेल, तर तेवढेच लिहावे, कारण दुसऱ्यांच्या श्रमावर आपले नाव पडू देणे हे मुक्तस्रोताच्या मुळावरच घाव घालणे आहे, असे मला मनापासून वाटते. बोलण्यासाठी एकच व्यक्ती नेमावी. संपर्कासाठी गटाचा ईमेल आणि वेगळे सिमकार्ड ठेवावे. कोणा स्वयंसेवकाचा, विशेषतः विद्यार्थिनीचा, खासगी क्रमांक छापू देऊ नये.

वेळ साधण्यासाठी दोन दिवस उपयोगी पडतात. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने मराठी संगणनाला पानावर सहज जागा मिळते, मात्र पत्रक किमान आठवडाभर आधी द्यावे. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी पाळला जाणारा सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन सहसा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. पण गणेशोत्सव त्याच सुमारास आला, तर आपला कार्यक्रम पुढे ढकललेला बरा. निवडणुकीच्या धामधुमीतही थांबावे. बातमीसाठी कोणी पैसे मागितले, तर ती जाहिरात आहे हे ओळखून नम्रपणे नकार द्यावा. फायरफॉक्स या मुक्तस्रोत ब्राउझरच्या हजारो पाठीराख्यांनी 2004 च्या डिसेंबरमध्ये वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानांची जाहिरात दिली होती, पण ती उघडपणे जाहिरात म्हणूनच दिली होती आणि तिच्यामागे जगभरचे वापरकर्ते होते. शहरातल्या छोट्या गटाने तेच पैसे प्रशिक्षणावर खर्च करावेत.

बातमी छापून येईल त्या दिवसाची तयारी मात्र आधीच हवी. छापील पानावरचा लांबलचक पत्ता कोणी टंकून पाहत नाही आणि क्यूआर कोड जागेअभावी गळू शकतो, म्हणून पत्रकातच एक ठिकाण आणि वेळ द्यावी: अमुक वाचनालयात, रविवारी सकाळी दहा ते बारा, लॅपटॉप घेऊन या. निवृत्त शिक्षक, सोसायटीचे सचिव, दहावीतली मुले असे कोणीही येऊ शकतील. त्यांच्यासाठी पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअर तयार ठेवावे, मराठी कळफलक बसवून द्यावा आणि आलेल्यांची नावे त्यांच्या परवानगीने वहीत लिहून घ्यावीत. बातमीत चूक आढळल्यास त्याच दिवशी बातमीदाराला सौजन्याने कळवावे आणि योग्य वाक्य लिहूनच द्यावे. महिन्याभराने त्याच बातमीदाराला फोन करून आलेल्यांपैकी किती जण अजून ते सॉफ्टवेअर वापरतात, ते खरे आकडे सांगावेत, मग ते कमी का असेनात.