लिनक्सवर आवाज येत नाही? दुरुस्तीच्या नादात या चुका टाळा

‘आवाज येत नाही’ म्हणून कुणी लॅपटॉप आणून दिला, की मी स्पीकरकडे नंतर बघतो. आधी टर्मिनल उघडून ‘हिस्टरी’ ही कमांड देतो. आधी दिलेल्या सगळ्या कमांडची यादी समोर येते आणि बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं. नेटवरून उचललेल्या दहा-बारा कमांड, निम्म्या दहा वर्षांपूर्वीच्या, काही भलत्याच डिस्ट्रोच्या (म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्याच अवताराच्या), एक-दोन तर आधीच्या कमांडने केलेलं काम उलटवणाऱ्या. मूळ बिघाड एका क्लिकचा असतो. त्यावर चढवलेले उपाय उतरवण्यात माझी संध्याकाळ जाते.

घरात पाणी आलं नाही तर आपण आधी नळ बघतो, मग कॉक, मग शेजाऱ्यांकडे पाणी आहे का ते विचारतो. थेट टाकी खणायला जात नाही. लिनक्सच्या आवाजालाही असाच मार्ग असतो. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यातला अल्सा हा ड्रायव्हरचा थर आवाजाच्या चिपशी बोलतो. त्याच्यावर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हा आवाजाचा सर्व्हर बसून कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या दाराने जाईल ते ठरवतो. सगळ्यात वर ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर. आवाज यातल्या कुठल्या टप्प्यावर अडला ते कळेपर्यंत काहीही बदलायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ नुकसान टळतं.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरायची.)

पिन न बघताच टर्मिनल उघडणं

स्वस्तातल्या छोट्या स्पीकरना दोन वायरी असतात, एक यूएसबीची आणि एक साडेतीन मिलिमीटरच्या पिनची. बहुतेकांमध्ये यूएसबी फक्त वीज देते, आवाज पिनमधूनच जातो. यूएसबी लावली, दिवा लागला, म्हणून लोक पिन तशीच लोंबकळत ठेवतात. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं आणि निळं लाइन-इनचं. पुढच्या पॅनेलचं भोक कित्येक असेंबल केलेल्या मशिनमध्ये मदरबोर्डला जोडलेलंच नसतं. तेच स्पीकर मोबाइलला लावून पाहिले की अर्ध्या मिनिटात एक शंका मिटते.

आवाज भलत्याच दाराने जातोय हे न तपासणं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा एकापेक्षा जास्त साउंड डिव्हाइस असतात. एक मदरबोर्डवरचं आणि दुसरं एचडीएमआयचं, कारण एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. मॅच बघायला लॅपटॉप टीव्हीला जोडला, आवाजासाठी टीव्ही निवडला, की ती निवड सिस्टम लक्षात ठेवते. पुढच्या वेळी तेच दार दिसलं की आवाज पुन्हा तिकडे वळतो. त्याहून फसवा प्रकार मॉनिटरचा. कित्येक मॉनिटरमध्ये स्पीकर नसतात, फक्त मागे हेडफोनचं भोक असतं. तरीही ‘मी आवाज घेऊ शकतो’ असं तो कॉम्प्युटरला कळवतो. सेटिंग्जमध्ये सगळं सुरळीत दिसतं, आवाजाची पट्टी शंभरावर असते आणि खोलीत मात्र शांतता.

यासाठी पाव्हूकंट्रोल हा छोटा प्रोग्रॅम जरूर टाकून ठेवा. पल्सऑडिओ असो वा पाइपवायर, दोन्हीवर तो चालतो. एखादं गाणं लावा आणि त्यातला आउटपुट डिव्हाइसेसचा टॅब उघडा. प्रत्येक डिव्हाइसखाली एक मीटर असतो. गाण्याबरोबर तो हलत असेल, तर प्रोग्रॅमपासून तिथपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे ड्रायव्हर, चिप, वायर किंवा स्पीकरमध्ये. मीटर एचडीएमआयच्या खाली हलत असेल, तर चोर सापडलाच. कुठेच हलत नसेल, तर प्लेबॅकच्या टॅबमध्ये तो प्रोग्रॅमच म्यूट आहे का ते बघा. ब्राउझरचा एखादा टॅब आपण कधीतरी म्यूट करून विसरलेलो असतो.

त्याच प्रोग्रॅममध्ये शेवटी कॉन्फिगरेशनचा टॅब आहे. तिथे साउंड कार्डापुढे प्रोफाइल ‘ऑफ’ असेल, तर ते कार्ड सेटिंग्जच्या यादीत दिसतच नाही. माणसाला वाटतं ड्रायव्हर गेला. ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ’ निवडलं की ते परत येतं.

अल्सामिक्सरमधली एकच पट्टी बघून समाधान मानणं

टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ टाइप केलं की बहुतेक सिस्टमवर मास्टर नावाची एकटी पट्टी दिसते. ती भरलेली दिसते, माणूस ‘इथे सगळं ठीक आहे’ म्हणून बाहेर पडतो. ही पट्टी वरच्या थराची आहे. खऱ्या चिपची बटणं बघायची तर एफ-सहा दाबून कार्ड निवडावं लागतं. मग मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम अशा पट्ट्यांची रांग लागते.

प्रत्येक पट्टीखाली छोटा चौकोन असतो. त्यात दोन शून्यं असतील तर ती वाट उघडी, दोन ‘एम’ अक्षरं असतील तर बंद. नवख्यांना ‘एमएम’ म्हणजे काहीतरी एकक वाटतं आणि ते पट्टी वर-खाली करत बसतात. पट्टीवर जाऊन एम ही की दाबली की म्यूट निघतं. मास्टर उघडा आणि स्पीकर मात्र बंद, ही जोडी मी कितीतरी वेळा पाहिली आहे. बाण दाबत उजवीकडे शेवटपर्यंत जा, अर्ध्यात सोडू नका.

त्याच रांगेत अनेक मशिनवर ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडेल. हेडफोन लावले की स्पीकर आपोआप गप्प करायचे, हे त्याचं काम. हेडफोनच्या भोकात पिन आली की नाही हे तिथला एक स्विच सांगतो. धूळ, गंज किंवा पिनला बसलेला झटका यांमुळे तो स्विच अडकला, तर भोक रिकामं असूनही कॉम्प्युटरला हेडफोन लागल्यासारखे वाटतात. खूण सोपी आहे: काहीही जोडलेलं नसताना सेटिंग्जमध्ये ‘हेडफोन्स’ दिसतं. पिन आठ-दहा वेळा हलकेच आत-बाहेर करून पाहा. नाहीच सुटलं, तर ऑटो-म्यूट बंद करा आणि पाव्हूकंट्रोलमध्ये पोर्ट म्हणून स्पीकर निवडा. जॅक बदलायला लॅपटॉप उघडण्याचा खर्च यात पुष्कळदा वाचतो.

जुना सल्ला नव्या सिस्टमवर चालवणं

लिनक्सच्या आवाजाची व्यवस्था तीनदा बदलली आहे आणि नेटवर सगळ्या काळांतले सल्ले शेजारी शेजारी पडून आहेत. आधी ओएसएस ही ड्रायव्हरची जुनी व्यवस्था होती. 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 कर्नेलपासून अल्सा हा मुख्य ड्रायव्हर झाला. मग त्याच्यावर पल्सऑडिओ आला. फेडोरा या डिस्ट्रोने तो 2007 मध्ये आणि उबुंटूने 2008 मध्ये मूळ व्यवस्थेत घेतला. त्याच्या जागी पाइपवायर आणण्यात पुन्हा फेडोराच पुढे होती, 2021 च्या 34 व्या आवृत्तीत. उबुंटूमध्ये तो 2022 च्या ऑक्टोबरात आला, लिनक्स मिंटमध्ये 2024 च्या 22 व्या आवृत्तीत.

म्हणून कुठलीही कमांड चिकटवण्याआधी आपल्या मशिनवर काय चालू आहे ते विचारा. ‘पीएसीटीएल’ लिहून, जागा सोडून ‘इन्फो’ लिहा. सर्व्हर नेमच्या ओळीत पाइपवायरचं नाव आलं, तर पल्सऑडिओ मारून पुन्हा सुरू करण्याचा जुना उपाय तुमच्या कामाचा नाही, कारण मारायला तो तिथे नसतोच. पाइपवायरवर पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या तीन सेवा ‘सिस्टमसीटीएल’ने, ‘यूजर’ हा पर्याय देऊन, रीस्टार्ट करायच्या असतात.

आणि हे सुडो न लावता. सुडो म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालवणं. आवाजाचा सर्व्हर तुमच्या नावाने चालतो, रूटच्या नावाने नाही. सुडो लावलं की एक तर कमांड फसते, नाही तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिगमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात. पुढच्या लॉगिनला तुमचाच सर्व्हर त्या फाइली उघडू शकत नाही आणि आवाज खरोखर जातो. आधी फक्त म्यूट होता. असं झालं असेल तर त्या फाइलींची मालकी ‘सीएचओन’ने स्वतःकडे परत घ्या.

‘सगळं काढून पुन्हा टाका’ हा सल्ला तर मला फार त्रास देतो. पल्सऑडिओ काढायला सांगितलं की त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजंही काढायच्या यादीत येतात. जुन्या उबुंटूवर त्यात डेस्कटॉपचं मुख्य पॅकेजही असायचं. यादी न वाचता ‘वाय’ दाबायचं, मागाहून उरलेली पॅकेजं झाडून काढणारं ऑटोरिमूव्ह चालवायचं, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन. एका शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत मी हे निस्तरलंय. शिक्षकांनी मुलांना कविता ऐकवायची म्हणून मनापासून खटपट केली होती आणि मूळ अडचण गुलाबी भोकात गेलेल्या पिनेची होती. पॅकेज काढणाऱ्या कमांडची यादी शेवटपर्यंत वाचा, एवढी कळकळीची विनंती.

पल्सऑडिओ आणि पाइपवायर हे दोन्ही सर्व्हर एकाच वेळी चालू ठेवणंही तितकंच वाईट. प्रोग्रॅम ज्या एका ठिकाणी आवाज सोडतात, त्यावर दोघंही हक्क सांगतात. मग कधी आवाज येतो, कधी येत नाही, आणि असा लहरी बिघाड शोधणं सगळ्यात अवघड.

डमी आउटपुट दिसताच स्पीकरला दोष देणं

सेटिंग्जमध्ये ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसत असेल, तर सर्व्हर चालू आहे पण त्याला खरं कार्ड मिळालेलं नाही. आवाज वाढवून किंवा स्पीकर बदलून इथे काही होणार नाही. ‘एप्ले’ लिहून, जागा सोडून, उणे चिन्ह आणि एल हे छोटं अक्षर द्या. कर्नेलला दिसलेली कार्डं समोर येतील. तिथे कार्ड आहे आणि वर मात्र डमी, तर गडबड सर्व्हरची. तिथेही नाही, तर गडबड ड्रायव्हर किंवा फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची.

अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम एक वेगळा डिजिटल प्रोसेसर करतो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. पॅकेजचं नाव डिस्ट्रोप्रमाणे बदलतं, पण त्यात ‘एसओएफ’ ही अक्षरं असतात. आर्चसारख्या डिस्ट्रोमध्ये ते स्वतः टाकावं लागतं. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बाहेरचं फर्मवेअर 12 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून मिळू लागलं. त्याआधीच्या इन्स्टॉलवर ते राहून गेलेलं असू शकतं. कर्नेलचे निरोप दाखवणाऱ्या ‘डीएमईएसजी’ कमांडच्या लांबलचक उत्तरात एसओएफ शोधा. फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ असेल, तर औषध ठरलं.

इथे जुना ड्रायव्हर जबरदस्तीने लावायचा एक उपाय नेटवर फिरतो. ‘डीएसपी ड्रायव्हर’ हा पर्याय एकवर ठेवायचा. त्याने स्पीकर वाजू शकतात, पण आतला डिजिटल माइक सहसा बंद पडतो. हे आठवडाभराने व्हिडिओ कॉलवर कळतं, आणि तोवर आपण ती ओळ कुठल्या फाइलीत लिहिली हेही विसरलेलो असतो. बदललेल्या प्रत्येक फाइलीचं नाव वहीत लिहा. मी आजही लिहितो.

हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि लॅपटॉपचे स्पीकर मुके, म्यूटही नाही, ऑटो-म्यूटही नाही, असं असेल आणि मशिन नवं असेल, तर संशय अ‍ॅम्प्लिफायरवर घ्या. हल्ली काही मॉडेलांत स्पीकरसाठी सिरस लॉजिकसारख्या कंपनीची वेगळी चिप असते. तिला ओळखणारा कोड कर्नेलमध्ये नसला तर हेडफोन चालतात आणि स्पीकर झोपलेले राहतात. इथे सेटिंग्जशी झटापट व्यर्थ आहे, नवा कर्नेल टाकून पाहा. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर त्यासाठी एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा, कर्नेल मिळतो.

विंडोजमधून थेट रीस्टार्ट

एकाच मशिनवर दोन्ही सिस्टम असतील, तर विंडोजने साउंड चिप ज्या अवस्थेत सोडली त्याच अवस्थेत ती कधी कधी लिनक्सच्या हाती येते. रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग सुरू करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवलेलं बरं, कारण ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं.

मदत मागताना फक्त ‘आवाज येत नाही’ लिहिणं

त्याआधी एक परीक्षा बाकी आहे. नव्या डिस्ट्रोची लाइव्ह यूएसबी, म्हणजे जिच्यावरूनच लिनक्स चालतं अशी पेनड्राइव्ह, लावा, काहीही इन्स्टॉल न करता आवाज तपासा. तिथे आला तर तुमचं हार्डवेअर शाबूत आहे आणि दोष आपल्या इन्स्टॉलमध्ये आहे. तिथेही नाही आला, तर निदान फॉरमॅट मारण्याचा मोह तरी टळेल.

मदत मागताना ‘अल्सा-इन्फो’ या कमांडचा अहवाल जोडा. लॅपटॉपचं मॉडेल, कर्नेलची आवृत्ती, चिपचं नाव, मिक्सरमधली प्रत्येक पट्टी, सगळं त्यात येतं. अहवाल नेटवर चढवायचा की नाही हे ती कमांड आधी विचारते, हवं तर स्वतः वाचून मग पाठवा. हेडफोन चालतात का, लाइव्ह यूएसबीवर काय झालं, आधी कधी आवाज होता का, हे तीन वाक्यांत लिहा.

मॉडेलचं नाव अचूक द्यायला फार महत्त्व आहे. कर्नेलमध्ये रियलटेक कंपनीच्या साउंड चिपसाठी जो ड्रायव्हर आहे त्यात लॅपटॉपच्या मॉडेलांची लांबच लांब यादी आहे. कुठल्या मॉडेलला कुठली वेगळी वागणूक द्यायची ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं आहे. अशा ओळी पुष्कळदा एखाद्या वापरणाऱ्याने नीट कळवल्यामुळे तिथे येतात. तुमचा मुका लॅपटॉप त्या यादीत गेला, की तेच मॉडेल घेणाऱ्या पुढच्या माणसाचे स्पीकर नव्या कर्नेलवर पहिल्याच दिवशी वाजतात.