पोटगीचा तिढा मध्यस्थीत कसा सुटला

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचं घोडं पोटगीवरच अडलं होतं. न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलतं करतो. तिथलं बोलणं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही हे कळलं, तेव्हा मला मोकळेपणाने बोलता आलं.

खरा फरक पडला कागदांनी. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. मी सोबत महिन्याचा खर्चही लिहून नेला: मानेवाड्याच्या घराचं भाडं, लेकीची शाळा, व्हॅन, किराणा, उन्हाळ्यात कूलरमुळे वाढणारं लाइट बिल. नवऱ्याने गृहकर्जाचा हप्ता दाखवला. मग 'एवढे कशाला लागतात?' हा प्रश्नच उरला नाही.

लेकीचा खर्च माझ्या पोटगीपासून वेगळा लिहून घेतला, हे फार महत्त्वाचं. दरवर्षीची वाढ, तारीख, बँक खातं, सगळं करारात घातलं. सहीआधी मसुदा माझ्या वकीलबाईंना दाखवला. पुढे तो करार कोर्टाच्या हुकूमनाम्यात आणला, म्हणजे पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करता येतो. घरात मारहाण झाली असेल, तर समोरासमोर बसू नका. मध्यस्थाला तसं आधीच सांगा.