मॉरिशसला कामाला जाताय? आधी कराराचं दुसरं पान वाचा

२०१८ ते २०२२ अशी चार वर्षं मी मॉरिशसमध्ये एका होजिअरी कारखान्यात लाइन सुपरवायझर होतो. मी मूळचा इचलकरंजीचा, टेक्स्टाइल डिप्लोमा केलेला. परत आल्यापासून आठवड्याला एखादा तरी फोन येतोच : "दादा, तिकडं माणसं मिळेनात म्हणे. जाऊ का?"

माणसं मिळत नाहीत, हे खरं आहे. सगळं बेट मिळून वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. १९७० मध्ये निर्यात कारखान्यांसाठी कायदा झाला, शिलाईचे कारखाने उभे राहिले आणि घरोघरच्या बायका मशीनवर बसल्या. वीस वर्षांत हात कमी पडायला लागले. नव्वदच्या दशकात आधी चीनमधून कामगार आणले, पुढे बांगलादेश, भारत, मादागास्कर इथून. आता तिथे मुलं कमी जन्मतात आणि जी मोठी होतात ती हॉटेलात, कॉल सेंटरमध्ये, क्रूझ जहाजावर किंवा सरळ परदेशी जातात. माझ्या लाइनवर अडतीस ऑपरेटर होते. त्यांत स्थानिक फक्त सहा, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या बायका. त्या निवृत्त झाल्या की त्यांच्या जागी बसायला त्यांच्या मुली येणार नाहीत, हे त्या स्वतःच सांगायच्या.

पण इथेच आपली पोरं फसतात. आपल्याकडे जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर, मिळेना झाला की त्याचा भाव वाढतो. तो उचल वाढवून मागतो, मालकाने नाही दिली तर शेजारच्या शेडमध्ये जातो. मॉरिशसमध्ये तसं होत नाही. वर्क परमिटसाठी अर्ज मालक करतो आणि ते परमिट त्याच मालकाच्या कामापुरतं असतं. समोरच्या कारखान्यात दोन हजार जास्त मिळत असले तरी तुम्ही उद्या तिकडे जाऊन मशीनवर बसू शकत नाही. देशाला तुमची गरज आहे, तरी घासाघीस करायची ताकद विमानात बसण्यापूर्वी जेवढी असते तेवढीच. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, भांडायचं ते करारावर सही करायच्या आधी भांडा.

सुरुवात एजंटपासून करा. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी असते, तिच्यात नाव नसेल तर बोलणंच थांबवा. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावतीसकट. माझ्याबरोबरच्या एका मुलाने सव्वा लाख दिले होते, तेही बायकोचे दागिने गहाण ठेवून. पहिल्या वर्षाचा त्याचा ओव्हरटाइम सगळा व्याजात गेला. कमी शिकलेल्यांना काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो; मॉरिशस त्या यादीतल्या अठरा देशांत नाही, त्यामुळे दहावी नापासालाही त्या शिक्क्याची अडचण येत नाही. हे सोयीचं वाटतं, पण त्यामुळेच तुमचे कागद निघण्यापूर्वी आपल्याकडचं कोणतंही सरकारी कार्यालय तपासत नाही. ते काम तुम्हालाच करायचं आहे.

करारात मूळ पगाराचा आकडा वेगळा लिहिलेला हवा. "ओव्हरटाइमसह इतके" असं लिहिलं असेल तर मान्य करू नका, कारण ऑर्डर कमी झाल्या की ओव्हरटाइम जातो आणि हातात काय उरेल ते कुठेच लिहिलेलं नसतं. राहणं आणि जेवण मालकाकडून असेल, तर त्याचे पैसे पगारातून कापणार का आणि किती, हे आकड्यात लिहून घ्या. परतीचं तिकीट कोणाचं, तेही. आणि तिथे उतरल्यावर दुसऱ्याच करारावर सही मागितली, तर पहिल्याची प्रत तुमच्याकडे हवी. परदेशी कामगारांचे करार तिथलं श्रम मंत्रालय तपासतं, तिथे दाखवायला ती उपयोगी पडते.

आता पगाराची चिठ्ठी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं.

एका रविवारी होस्टेलवर बांगलादेशातल्या जेसोरचा, ओव्हरलॉक शिलाई मशीनवरचा एक ऑपरेटर माझ्या कॉटवर येऊन बसला. हातात तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या, घडी घालून घालून मऊ पडलेल्या. म्हणाला, "भाई, शिपमेंट के टाइम इतना किया, लापे उतना ही." लापे म्हणजे क्रिओलमध्ये, तिथल्या बोलीत, पगार. आम्ही वहीवर मांडलं. तिथे आठवडा ४५ तासांचा, म्हणजे गुणिले ५२, भागिले १२, महिन्याचे १९५ तास. मूळ पगाराला १९५ ने भागलं की तासाचा दर निघतो. कायद्याने जादा तासाला दीडपट, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दुप्पट. त्याला प्रत्येक जादा तास साध्या दराने लावला होता. मग आणखी अकरा जणांच्या चिठ्ठ्या काढल्या, सगळ्यांत तेच. मी सुपरवायझर, कंपनीचा माणूस, त्यामुळे दोन रात्री झोप लागली नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर श्रम मंत्रालयाच्या परदेशी कामगार विभागात गेलो. पैसे मिळायला दोन महिने लागले, पण मिळाले.

तुम्हीही हा हिशेब जाण्याआधी करून बघा. मी गेलो तेव्हा निर्यात कारखान्यांसाठी किमान पगार ८,१४० मॉरिशियन रुपये होता. २०२५ च्या जानेवारीपासून किमान पगार १७,११० झाला. १९५ ने भागा, तासाला जेमतेम ८८ रुपये, जादा तासाचे साधारण १३२. एजंट सांगतो तो आकडा यात बसवून बघा, किती तास राबावं लागेल ते कळेल. डिसेंबरमध्ये वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा बोनस कायद्याने मिळतो, त्यातला तीन चतुर्थांश नाताळच्या आधी.

पासपोर्ट स्वतःकडे ठेवा. "हरवेल म्हणून ऑफिसात ठेवतो" म्हणतील. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, कारखान्याच्या नाही, एवढं शांतपणे सांगा.

एकटेपणाचंही सांगायला हवं. २०२० च्या मार्चमध्ये बेटाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा एका खोलीत आम्ही आठ जण होतो, आणि त्यातल्या एकाचे वडील गेले. त्याने अंत्यविधी फोनवर पाहिला. पण तिथे आपली माणसंही आहेत. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून जे लाखो लोक नेले, त्यांत कोकणातलेही होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर बोटीतून उतरून ते ज्या सोळा पायऱ्या चढले, त्या अजून आहेत. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. पहिल्या वर्षी विसर्जनाला गेलो, तर एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "तू खंयचो?" पुढचं सगळं त्या क्रिओलमध्ये बोलल्या, पण प्रसादाचा द्रोण भरून दिला. कास्काव्हेलला महाराष्ट्र भवन आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊन या.

परवा शिरोळच्या एका मुलाने त्याचा करार व्हॉट्सॲपवर पाठवला. पहिलं आणि तिसरं पान. मधलं पान एजंट "नंतर देतो" म्हणतोय. कपातीची कलमं तिथेच असणार, म्हणून ते हातात येईपर्यंत पैसे भरू नकोस, असं त्याला सांगून ठेवलंय.