डिरेक्टरीतील जाहिरात मी कशी सुधारली

आमच्या कराटे वर्गाची छापील डिरेक्टरीतील जाहिरात वर्षभर चालली, पण तिच्यामुळे आलेले फोन बोटांवर मोजण्याइतकेच होते. ती मीच लिहिली होती. वर ठळक अक्षरांत संस्थेचे नाव, मध्ये हवेत लाथ मारतानाचा माझाच फोटो (हौस, दुसरे काय!) आणि खाली माझ्या पदकांची यादी. डिरेक्टरी उघडणाऱ्याने वर्ग लावायचे आधीच ठरवलेले असते, त्याला फक्त कोणता ते ठरवायचे असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

नव्या मजकुरात नावाच्या जागी ‘मूल बुजरे आहे? पहिला तास विनामूल्य पाहा’ हे शीर्षक घेतले, कारण चौकशी करणारे बहुतेक पालकच असत आणि त्यांना लाथेची भीतीच अधिक वाटे. पदके काढून वयोगट, वेळा आणि पोहोचण्याची खूण दिली, भोवती मोकळी जागा सोडली आणि फोन क्रमांक सर्वांत मोठा केला. छपाईपूर्वीच्या प्रुफावरून तो क्रमांक स्वतः फिरवून पाहिला, तेव्हा भलत्याच घरी फोन लागला; दोन आकडे उलटे पडले होते. आता येणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठे वाचलेत?’ असे विचारून वहीत नोंदवतो, आणि त्या रकान्यात डिरेक्टरीचे नाव नियमित दिसते.