यूजनेटवर नीट कसे लिहावे

यूजनेट म्हणजे इंटरनेटवरचे विषयवार चर्चागट, म्हणजेच न्यूजग्रुप. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवरून यूजनेटवर नवे काही टाकता येत नाही, जुने संदेश तेवढे वाचता येतात. तेव्हा आता स्वतःचा न्यूजरीडर, म्हणजे या गटांत वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्रॅम, हवाच. थंडरबर्ड फुकट मिळतो आणि सुरुवातीला पुरतो. इटर्नल सप्टेंबरसारख्या मोफत सर्व्हरवर नोंदणी करा, थंडरबर्डमध्ये न्यूजग्रुपचे खाते उघडा, पोर्ट ५६३ आणि एसएसएल (सुरक्षित जोडणी) निवडा.

मग खात्याच्या सेटिंगमध्ये 'कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग' उघडा. एचटीएमएलसमोरची खूण काढा, कारण इथे साधा मजकूरच चालतो. आधीचा मजकूर आपोआप उद्धृत होऊ द्या, पण उत्तर त्याच्या खाली सुरू होईल असे ठरवा. न्यूजरीडर जुना असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, तेही बघा. नाहीतर तुमच्या मराठीच्या जागी लोकांना अगम्य चिन्हे दिसतील.

आता खरे महत्त्वाचे. यूजनेटला एक मालक नाही, एक मुख्य संगणकही नाही. १९७९ मध्ये टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी ड्यूक विद्यापीठात ही कल्पना मांडली, तेव्हापासून संदेश एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर असे पुढे सरकत जातात. त्यामुळे कधी कधी मूळ प्रश्नाच्या आधी त्याचे उत्तरच पोचते, तर कुठे मूळ संदेश केव्हाच पुसला गेलेला असतो. म्हणून तुमचे उत्तर एकटे वाचले तरी कळले पाहिजे. त्यासाठी ज्या ओळीला उत्तर देता आहात तेवढीच ठेवा, बाकीचे निर्दयपणे छाटा आणि खाली लिहा:

> उकडीच्या मोदकांना तांदूळ कोणता घ्यावा?

आंबेमोहोर. नवा असेल तर पाणी जरा कमी घाला.

> आणि सारणात गूळ किती?

याचे उत्तर इथे, या प्रश्नाखालीच. शंभर ओळी जशाच्या तशा ठेवून वर 'सहमत' लिहिणे हा वाचणाऱ्याच्या वेळेचा अपमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वाक्षरी, म्हणजे संदेशाच्या शेवटी आपोआप जोडला जाणारा तुमचा मजकूर, चार ओळींपेक्षा मोठी नको. १९९५ च्या आरएफसी १८५५ या इंटरनेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही हेच सांगितले आहे. तिच्या वरच्या ओळीत दोन आडव्या रेघा आणि एक रिकामी जागा लागते. थंडरबर्ड ती स्वतः घालतो, तिला हात लावू नका. ती जागा निसटली तर इतरांच्या न्यूजरीडरला स्वाक्षरी ओळखता येत नाही आणि प्रत्येक उत्तरात ती पुन्हा उद्धृत होत राहते.

एकच मजकूर दोन गटांत हवा असेल तर वेगवेगळा पाठवू नका. दोन्ही नावे स्वल्पविराम देऊन एकाच संदेशात लिहा, आणि 'फॉलोअप-टू'मध्ये (उत्तरे कुठे जावीत ते सांगणाऱ्या रकान्यात) एकाच गटाचे नाव द्या, म्हणजे पुढची चर्चा एका ठिकाणी राहते.

पाठवलेला संदेश मागे घेता येईल या भरवशावर राहू नका. रद्द करण्याची विनंती पुष्कळ सर्व्हर मानतच नाहीत. म्हणून पहिला संदेश अल्ट.टेस्ट या चाचणीच्या गटात टाका आणि देवनागरी, उद्धरण, स्वाक्षरी नीट दिसते का पाहा. मगच सॉक.कल्चर.इंडियन.मराठी किंवा तुमच्या आवडीच्या गटाकडे वळा.